जिन्यातल्या निवडुंगाला कळ्या आल्यात (आणि त्यावरून आठवलेलं बरंच काही)

अर्धी_खिडकी

नमस्कार मंडळी. बाबांच्या निवडुंगाला कळ्या आल्यात असं वाटतंय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून धागा काढतेय.

कुंडी जिन्याच्या वरच्या वळणावर, खिडकीत असते. बाबा होते तोवर ती त्यांची होती. ते गेल्यावर तिचं असं कुणी उरलं नाही. कुणाच्या बाटलीत घोटभर पाणी उरलं असेल तर तिला मिळायचं, नाहीतर नाही. थंडीत त्या खिडकीतून गार वारा येतो, त्यामुळे तिकडे कुणी थांबतही नाही. परवा जिना झाडायला कुंडी सरकवली, तर खिडकीच्या बाजूला, झाडाच्या अंगावर कडेने दोन करडे केसाळ गोंडे. आधी वाटलं पिठ्या ढेकूण. काडीने हलकेच लोटून पाहिलं, निघेना. डोळे जवळ नेऊन बघितलं तर गोंडा थेट काट्यांच्या पुंजक्यातून वर आलेला, टोकाशी निमुळता, आणि केसांच्या आत हिरवट तपकिरी काहीतरी घट्ट मिटलेलं.

फोटो जोडलेत. ही कळीच ना, की नवं पिल्लू, म्हणजे अंगावर फुटणारं छोटं रोप? कळी असेल तर आता काय करू आणि काय टाळू?

आणखी एक. हा प्रश्न नाही, नुसतं सांगायचंय. बाबांचा शेवटचा काळ फार कठीण गेला. नंतर बाबा म्हटलं की मला तेवढंच आठवायचं: गोळ्यांचे डबे, रात्रीची उठबस, त्यांचा चिडका झालेला आवाज. त्याआधीचा माणूस आठवायला बसलं तरी समोर येत नव्हता. परवा त्या कळ्या बघत जिन्यातच बसले आणि एकदम त्यांचे हात दिसले. वर्तमानपत्राची उभी घडी घालून ते पट्टी करायचे, ती झाडाच्या पोटाभोवती फिरवायचे, दोन्ही टोकं एका मुठीत धरायचे आणि झाड अलगद उचलायचे. एक काटा लागायचा नाही. आणि हे करताना शिट्टी वाजवायचे. ती शिट्टी मी साफ विसरले होते.

कोरडवाहू

कळीच आहे, अगदी नक्की. पिल्लू असतं तर पहिल्यापासून गोल, हिरवं आणि इवल्या काट्यांसकट दिसलं असतं. तुमच्या फोटोत काटा नाही, नुसती लव आहे.

झाड एकिनॉप्सिस दिसतंय. अंगावर उभ्या धारा, बुडाशी पिल्लांची गर्दी आणि शेंड्याऐवजी कडेने आलेली कळी, सगळं जुळतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. यातले आपल्या खिडक्यांमध्ये दिसणारे प्रकार दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या पट्ट्यातले. पण हातोहात फिरत आलेली अशी झाडं पुष्कळदा संकरित असतात, तेव्हा जातीच्या नावासाठी फार अडून बसू नका.

आता करायचं ते असं. कुंडी आहे तिथेच, आहे त्याच दिशेने राहू द्या. माती आतपर्यंत सुकली की पाणी भरपूर घाला, तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, आणि पुन्हा सुकेपर्यंत विसरा. कळी असताना फार काळ तहानलेलं ठेवलं तर झाड ती सोडून देतं. कुंडी बदलण्याचा विचार फुलं होऊन गेल्यावर. कळी बरेच दिवस काही करत नाहीये असं वाटेल. मग शेवटच्या काही दिवसांत तिची नळी झपाट्याने लांबते, पार वीतभर होते. ज्या दिवशी टोक फुगून सैल दिसेल त्या संध्याकाळी घराबाहेर पडू नका. रात्री फूल उघडेल, दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकेल.

दोन गोष्टी विचारतो. गेल्या वर्षभरात त्या खिडकीत काही बदल झाला का? आणि तिसऱ्या फोटोत झाड मधेच बारीक झालेलं दिसतंय, कंबर असल्यागत. ते तसंच आहे, की फोटोचा कोन आहे?

दुपारची_सावली

किती छान लिहिलंय! शिट्टीपाशी डोळे भरून आले. बाबांनीच हे फूल पाठवलंय असं समजा. आशीर्वादच आहे तो.

मुळाक्षर

धागा वाचनखुणांत टाकला. फुलाचे फोटो नक्की द्या.

निवडुंग दुर्लक्ष केल्यावरच फुलतो असं मी फार जणांकडून ऐकलंय. माझा मी कौतुकाने बैठकीच्या खोलीत ठेवलाय, नेमाने पाणी देते, अधूनमधून खतही. पिल्लं ढीगभर देतो, फूल मात्र एकही नाही. झाडाला दुर्लक्ष कळतं का खरंच?

कोरडवाहू

@मुळाक्षर, दुर्लक्ष कळत नाही, कोरडी थंडी कळते. दुर्लक्षित झाडाला ती आपसूक मिळते, म्हणून लोकांचा असा समज होतो.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजापायी कितीतरी झाडं अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली जातात आणि तिथेच संपतात.

या झाडांच्या मूळ प्रदेशात हिवाळा थंड असतो आणि त्या दिवसांत त्यांची वाढ थांबते. आपण घरात तेच घडू दिलं, म्हणजे थंडीचे दोन-तीन महिने पाणी जवळजवळ बंद, रात्रीचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दिवसा मात्र भरपूर उजेड, तर ऊब परतल्यावर कळ्या धरतात. एकिनॉप्सिस, रेब्युशिया, मॅमिलॅरिया, निवडुंगाच्या या सगळ्या प्रकारांना हा आराम मानवतो. तुमचा निवडुंग उबदार खोलीत वर्षभर खातोपितोय. त्याला थांबायला कुणी सांगितलंच नाही, म्हणून तो वाढतोय आणि पिल्लं घालतोय.

पाण्याशिवाय तो इतके दिवस काढतो कसा, तेही सांगतो. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात आणि त्यातून पाण्याची वाफ निघून जाते. निवडुंग ही छिद्रं रात्री उघडतो. तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो आणि दिवसा छिद्रं बंद करून उन्हाच्या जोरावर त्यातून अन्न तयार करतो. पाणी वाचतं, पण वाढ सावकाश होते. म्हणून त्याची उपासमार लवकर दिसत नाही. उजेड कमी पडत असेल तर तो वर्षानुवर्षं जगल्यासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात आतून रिता होत असतो. पाण्याच्या बाबतीत विसरलात तर चालेल, उजेडाच्या बाबतीत नाही.

अर्धी_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार.

@दुपारची_सावली, तुमचा भाव पोचला. पण मला आशीर्वाद किंवा निरोप असं काही वाटलं नाही. बाबा स्वतः असल्या गोष्टी मानत नसत, आणि त्यांच्या नावावर ते घालायला मन धजत नाही. मला जे मिळालं ते एवढंच, की त्यांच्या आजारपणाआड गेलेला माणूस मला पुन्हा दिसला. ते माझ्यासाठी फार मोठं आहे.

@कोरडवाहू, तुमचा प्रश्न वाचला आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. बदल झालाय. त्या खिडकीला निम्मं झाकून बाबांचं लोखंडी कपाट उभं होतं. त्यांची हत्यारं, जुन्या वह्या, न चालणारे रेडिओ असं सगळं त्यात. ते रिकामं करायला मला धीर होत नव्हता. गेल्या पावसाळ्यानंतर भावाने आणि मी मिळून केलं, आणि कपाट काढून टाकलं. तो दिवस मला अजिबात आवडला नव्हता. तेव्हापासून त्या वळणावर सकाळी लख्ख ऊन येतं. कुंडी त्या उन्हात आली आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि कंबर खरी आहे, फोटोची चूक नाही. खाली चांगलं रुंद आहे, मग बारीक होत गेलंय, आणि अगदी वर पुन्हा भरलेलं आहे. बुडाशी तर साल आल्यागत तपकिरी, खरखरीत झालंय. हा रोग तर नाही ना?

कोरडवाहू

रोग नाही. बुडाशी तपकिरी साल धरणं हे वयाचं लक्षण आहे, दाबून बघा, टणक लागेल. मऊ लागलं आणि वर सरकत असेल तरच काळजी.

कंबरेचं कारण तुम्हीच सांगितलंत. निवडुंग शेंड्याकडून वाढतो. एकदा वाढलेला भाग पाणी प्यायला की फुगतो, तहानला की आक्रसतो, पण त्याचा मूळ घेर फारसा बदलत नाही. उजेड कमी पडला की नवी वाढ निमुळती आणि फिकी येते, काटेही आखूड येतात. उजेड परतला की त्याच्या वरचा भाग पुन्हा रुंद येतो. बारीक झालेला भाग तसाच राहतो. म्हणजे तळाचा रुंद भाग वडिलांच्या देखरेखीतला, मधला बारीक भाग कपाटाआडचा, आणि शेंड्याचा भाग गेल्या पावसाळ्यानंतरचा. त्या क्रमाने झाड बघा.

अभ्यासकही असंच वाचतात. उत्तर अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात साग्वारो नावाचा प्रचंड निवडुंग आहे. त्याचे काटे शेंड्याशी तयार होतात आणि नंतर वाढत नाहीत. त्यामुळे सगळ्यात जुने काटे तळाशी आणि नवे शेंड्याशी, अशी ओळ लागलेली असते. त्या काट्यांतल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून, कोणते दिवस ओले गेले, कोणते कोरडे, हे शोधलं गेलंय.

अर्धी_खिडकी

तुमचा प्रतिसाद वाचून पट्टी घेऊन झाडापाशी गेले. मोजायचं काही नव्हतं खरं तर. खालच्या भागातले काटे लांब आणि पिवळसर, मधल्या भागातले नखाएवढे. तो मधला भाग कुठे सुरू होतो त्यावर बोट ठेवलं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या खोलीत जागा करायची म्हणून ते कपाट जिन्यात आणलं होतं. तेच ते. बोटाच्या खालचं सगळं त्यांच्या धडधाकट दिवसांतलं आहे. आणि ते बाकीच्या झाडापेक्षा कितीतरी जास्त आहे. मला वाटायचं आजारपणच सगळं होतं.

निशाचर

अर्धी_खिडकी, वरचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझ्याकडे एवढी मोठी गोष्ट नाही, पण आठवण आहे. आमच्याकडे रानातल्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारा जो निवडुंग असतो ना, चपट्या कांड्यांचा, टोकाला गुलाबी फुलं येणारा, श्लुम्बर्गेरा, तो भावाच्या खोलीत होता. भाऊ रात्री उशिरापर्यंत दिवा लावून अभ्यास करायचा. झाड हिरवंगार, फूल नाही. तो शिकायला बाहेर गेला आणि त्याची खोली संध्याकाळपासून अंधारात राहायला लागली. त्या थंडीत झाड असं लगडलं की आई खोलीत पाऊल टाकेना, दारातूनच बघत राहिली. भावाला फोटो पाठवला तर तो गप्पच झाला. मग म्हणाला, मी होतो तेव्हा का नाही आलं?

त्याचं उत्तर मला नंतर कळलं. या झाडाला रात्री लांब लागतात. रोज बारा-चौदा तास सलग अंधार असा साधारण सहा आठवडे मिळाला, हवा थोडी गार असली, की कळ्या धरतात. खोलीतला दिवा त्यांची रात्र मोडत होता. भाऊ सुट्टीला आला तेव्हा त्याला हे सांगितलं. त्याने झाड उचलून माझ्या खोलीत आणलं आणि म्हणाला, इथे तू लवकर झोपतोस. आता ते माझ्याकडे असतं आणि दर थंडीत मी त्याला फोटो पाठवतो.

गच्चीवरचा_वारा

@निशाचर, हा प्रकार मलाही भेटलाय. एक भर घालतो: हा ब्राझीलच्या किनारी डोंगरातला, दमट जंगलातला आहे. वाळवंटी भावंडांचे नियम त्याला लावू नका. त्याला सावली आणि ओलावा हवा. आणि कळ्या धरल्यावर जागा बदलली तर त्या गळतात.

घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावतात तोही याच कुळातला, एपिफायलम. रात्री फुलतो, पहाटेपर्यंत मिटतो. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आमच्याकडे तो फुलायचा त्या रात्री काकू सगळ्यांना उठवायची. मी लहान होतो, मला झोपेतून उठायचा कंटाळा यायचा, पण उठल्यावर घरातली सगळी मोठी माणसं मध्यरात्री एका कुंडीभोवती कुजबुजत उभी आहेत हे बघायला फार आवडायचं. मोठी माणसं एरवी अशी एकत्र उभी राहत नसत. फुलाचा वास मला आज आठवत नाही, काकूने खांद्यावर ठेवलेला हात आठवतो.

ओलीमाती

मलाही लिहायचंय. माझ्या मैत्रिणीने मला एक छोटा गोल निवडुंग दिला होता, डोक्यावर केशरी फूल असलेला. ते फूल महिनोनमहिने तसंच. मला वाटायचं काय चिवट आहे! पुढे एका जाणकार बाईंनी दाखवलं की ते कागदी पाकळ्यांचं सुकवलेलं फूल गरम डिंकाने चिकटवलेलं आहे. अशी सुकी फुलं हवा दमट झाली की मिटतात आणि कोरडी झाली की उघडतात, म्हणून ती जिवंत वाटतात.

मैत्रीण तोवर दुरावली होती. भांडण नाही, नुसतं बोलणं कमी होत गेलं. चिकटवलेलं फूल मी भिजवून काढायचा प्रयत्न केला, पण डिंकाबरोबर तिथले काटे गेले आणि एक टक्कल पडलं. तिथे काटे परत आले नाहीत. कुंडी खिडकीबाहेर ठेवून दिली. यंदा त्याला खरी फुलं आली. मॅमिलॅरिया आहे, शेंड्याच्या खाली गोल कडं करून बारीक गुलाबी फुलं. मी फोटो काढून तिला पाठवला, इतक्या काळाने. तिचं उत्तर आलं: "अजून आहे तुझ्याकडे?" त्यावरून आम्ही तासभर बोललो. एवढंच.

दुपारची_सावली

माझ्याकडेही आहे एक, तीन धारी, उंच. मोडला तर पांढरा चीक येतो. तो कधी फुलेल?

कोरडवाहू

@दुपारची_सावली, चीक येतो म्हणजे तो युफोर्बिया, दिसायला निवडुंगच पण कूळ वेगळं. ओळख सोपी आहे. खऱ्या निवडुंगाचे काटे एका मऊ, लवदार ठिपक्यातून निघतात. त्याला अरिओल म्हणतात, आणि फूलही तिथूनच येतं. युफोर्बियाला तो ठिपका नसतो. चीक डोळ्याला लागू देऊ नका, फार त्रास होतो. छाटताना हातमोजे घालाच.

@ओलीमाती, सुंदर. टक्कल तसंच राहणार, काटे पुन्हा येत नाहीत. झाडाला त्याने काही बाधा नाही.

मुळाक्षर

सगळ्यांची फुलं वाचून माझा निवडुंग बैठकीतून गॅलरीत नेला. आजोबांचा एक मोठा पिवळ्या काट्यांचा गोल आहे, तो तर मी जन्मल्यापासून बघतेय, एकदाही फुलला नाही. त्यालाही नेऊ का?

कोरडवाहू

पिवळ्या काट्यांचा मोठा गोल म्हणजे बहुधा गोल्डन बॅरल, एकिनोकॅक्टस ग्रुसोनाय. तो चांगला दांडगा होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस वर्षं तरी, फुलत नाही आणि कुंडीत तर अनेकदा कधीच फुलत नाही. साग्वारोला पहिलं फूल यायला साधारण पस्तीस वर्षं लागतात. तुमच्या आजोबांनी हा फुलासाठी ठेवला असेल असं मला वाटत नाही. उन्हात जरूर न्या, पण हळूहळू. घरातल्या झाडाला एकदम दुपारचं ऊन दाखवलं तर अंगावर पांढरट चट्टे पडतात आणि ते कायमचे राहतात.

अर्धी_खिडकी

फूल उघडलं!!

फोटो टाकतेय, पण फोटोत काहीच आलेलं नाही असं समजा.

काल दुपारी एका कळीचं टोक फुगलेलं दिसलं. भावाला बोलावलं, तो लेकीला घेऊन आला. जिन्यातला दिवा मालवून आम्ही पायऱ्यांवर बसलो. अंधार पडता पडता बाहेरच्या अरुंद पाकळ्या मागे वळायला लागल्या. हालचाल दिसत नाही, पण थोड्या वेळाने बघावं तर आणखी एक सुटलेली असते. रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा वर गेलो तर पूर्ण उघडलेलं होतं: कर्ण्याच्या आकाराचं, पांढरं, कडांना अगदी पुसट गुलाबी. झाडापेक्षा फूल मोठं वाटत होतं.

टॉर्च आडवा धरून आत बघितलं. पुंकेसरांचे दोन गट आहेत. एक गळ्याशी गोल कडं करून उभा, आणि दुसरा खोल आत, नळीच्या एका अंगाला टेकलेला. मधून एक हिरवट दांडी बाहेर येते आणि तिच्या टोकाला बारीक बोटं पसरलेली. वास मंद, गोडसर. नाक अगदी जवळ नेल्यावरच येतो. भाची म्हणाली, एवढ्या काट्यांत हे कुठे ठेवलं होतं? कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मग भाऊ शिट्टी वाजवायला लागला. मी त्याला या धाग्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. तीच चाल, बाबांची. त्याला ती येते हे मला माहीत नव्हतं. त्याला विचारलं तर म्हणाला, कपाट आवरताना आठवली, तेव्हापासून डोक्यात आहे. दोघांनी मिळून बाबांबद्दल किती वेळ बोललो. एकदाही आजारपणाचा विषय निघाला नाही.

आत्याला फोन केला. तिच्याकडे याच झाडाचं पिल्लू आहे, बाबांनीच दिलेलं. मी आनंदाने सांगायला गेले तर ती म्हणाली, "अगं माझं तर दरवर्षी फुलतं, त्यात काय!" मग तिनेच सांगितलं की बाबांनी हे झाड लग्नाआधी, पहिल्या नोकरीत, एका सहकाऱ्याकडून आणलं. सहकारी बदली होऊन चालला होता आणि कुंड्या कुणी नेईना. बाबा बसमध्ये उभे राहून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पिल्लू छातीशी धरून घरी आले. सदऱ्याला काटे लागलेले. आजी ओरडली. हे सगळं मला आज कळतंय.

निशाचर

व्वा! भावाची शिट्टी वाचून अंगावर काटा आला.

ओलीमाती

फूल अप्रतिम आहे. दुसरी कळी कधी?

आणि एक विचारू का? तुमच्या फुलाचे परागकण आत्याबाईंच्या फुलावर टाकले तर बी धरेल का? बाबांच्या झाडाचं बी मिळालं तर काय बहार!

कोरडवाहू

फोटो बघून समाधान झालं. लांब नळी, रात्री उघडणं, पांढरा रंग, सगळी तयारी मोठ्या निशाचर पतंगांसाठी आहे. लांब सोंडेचे पतंग नळीच्या तळाशी असलेल्या मधापर्यंत पोचतात.

@ओलीमाती, बी धरणं अवघड आहे. यातली बहुतेक झाडं स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत, आणि आत्याबाईंचं झाड वेगळं नाहीच. पिल्लू म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. बाबांनी, त्यांच्या सहकाऱ्याने, त्याच्याही आधी कुणी, ज्यांना ज्यांना पिल्लं दिली त्या सगळ्यांकडे हे एकच झाड आहे. बी हवं असेल तर पराग कुठल्यातरी अगदी परक्या एकिनॉप्सिसचा आणावा लागेल. पण बी कशाला, बुडाशी पिल्लं मुबलक आहेत.

मुळाक्षर

मग मला एक पिल्लू मिळेल का? मागतेय खरी, पण मनापासून.

अर्धी_खिडकी

मिळेल ना! ओलीमाती आणि निशाचर, तुम्हालाही हवं असेल तर कळवा. बाबांनीही कुणाला नाही म्हटलं नसतं. दुसरी कळी फुलून गेली की काढते. भाचीने स्वतःसाठी एक आधीच बोट ठेवून राखून ठेवलंय.

@कोरडवाहू, पिल्लं काढायची रीत तेवढी सांगा. आणि पाठवताना ओल्या मातीसकट पाठवू का?

कोरडवाहू

ओली नको, वाटेत कुजतील. कोरडीच पाठवा.

लिंबाएवढी झालेली पिल्लं निवडा, त्याहून लहान असतील ती आईपाशीच राहू द्या. कागदाच्या पट्टीने धरून हलकेच पिरगळलं की सुटतात. पुष्कळदा बुडाशी आधीच मुळं फुटलेली असतात. जोर लावावा लागत असेल तर ते पिल्लू सोडा, पुढच्या वर्षी बघू. सुटलेली पिल्लं सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर पडून राहू द्या, म्हणजे तुटल्या जागी खपली धरते. मग प्रत्येकाला दोन-तीन पदरी वर्तमानपत्र गुंडाळा आणि खोक्यात हलणार नाहीत अशी बसवा.

ज्यांना मिळतील त्यांनी निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू किंवा बारीक खडी असं मिश्रण घ्यावं. पिल्लू नुसतं टेकवून ठेवावं, खोल पुरू नये. पहिलं पाणी आठ-दहा दिवसांनी. कुंडी लहान घ्या, तळाला भोक हवंच. आणि @मुळाक्षर, बैठकीत ठेवू नका.

मुळाक्षर

नाही ठेवत! गॅलरीतली जागा रिकामी करून ठेवलीय. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते.